आधी ताणा, मग बाणा

हातमाग शिकायला आलेल्या माणसाला येवल्यात पहिल्या दिवशी मागावर बसवत नाहीत. त्याच्या हातात रेशमाची लडी देतात आणि चरख्यापाशी कांड्या, म्हणजे धाग्याच्या छोट्या नळ्या, भरायला बसवतात. विणायच्या हौसेनं आलेली पोरंपोरी इथेच हिरमुसतात आणि काही तर दोन-चार दिवसांत यायची बंद होतात, असं ज्यांच्या घरी मी बसले होते त्या कारागीर काकांनी सांगितलं. "कांडीला जो कंटाळला तो मागाला काय टिकणार?" हे ते रागानं म्हणत नव्हते. वर्षानुवर्षं पाहिलेलं सांगत होते.

या लेखासाठी संपादकांनी 'श्रीगणेशा' हा विषय दिला आणि माझ्या मनात हातमागच आला. पैठणीवर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे, पण ते बहुतेक पुऱ्या झालेल्या पैठणीवर. सातवाहनांचं प्रतिष्ठान, पेशव्यांची आवड, बांगडी-मोर, आसावली, 2010 साली मिळालेलं भौगोलिक मानांकन हे सगळं आपल्याला पाठ आहे. ज्याला यातलं काहीच येत नाही असा माणूस मागापाशी येतो तेव्हा त्याचं नेमकं काय होतं, त्याला आधी काय शिकवतात, तो कुठे अडतो, हे मला बघायचं होतं.

मनमाडहून कोपरगावकडे जाताना येवला लागतं. हमरस्त्यावर दोन्ही बाजूंना पैठणीची मोठमोठी दुकानं आहेत. माग आत, गल्ल्यांमध्ये. काकांच्या घराच्या पुढच्या खोलीत दोन माग होते. एकावर काका, दुसऱ्यावर शेजारच्या खेड्यातून रोज येणारी विशीतली एक मुलगी. तिच्या घरची कांद्याची शेती. साळी, कोष्टी, खत्री, मोमीन या घरांत माग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, पण तिच्या घराण्यात धोट्याला कधी कोणी हात लावलेला नव्हता. आता अशी बरीच मुलंमुली येवल्याच्या आसपासच्या गावांतून शिकायला येतात. मला ती महत्त्वाची वाटतात, कारण त्यांना खरोखरच अ-आ-ई पासून सुरुवात करावी लागते. विणकराघरचं मूल चालायच्या आधी मागाखालच्या खड्ड्यात खेळलेलं असतं.

लडीचं टोक

रेशीम येतं कर्नाटकातून, जर सुरतेहून. कोशातून निघालेल्या धाग्यावर सेरिसिन नावाचा चिकट थर असतो, तो साबण-सोड्याच्या गरम पाण्यात काढून टाकतात. त्यात रेशमाचं वजन पाव हिश्शाच्या आसपास घटतं, आणि मग त्याला आपल्या ओळखीची चमक आणि मऊपणा येतो. रंगवून झालं की ते लडीच्या रूपात घरी येतं.

शिकाऊ माणसाचा पहिला सामना या लडीशी. लडी झटकून असारीवर, म्हणजे फिरत्या चौकटीवर, चढवायची आणि टोक शोधायचं. घाईनं भलतंच टोक ओढलं की सगळी लडी गुंतते. काकूंनी मला करून दाखवलं. लडी दोन हातांत धरून हलकेच ताणली, एकदा झटकली, आणि अंगठ्यानं वरचे पदर बाजूला केले. टोक सापडेपर्यंत त्यांनी एकही धागा ओढला नाही. नुसता गुंता बघत बसल्या.

मग कांडी. चरख्याच्या चातीवर कांडी बसवायची, उजव्या हातानं चाक फिरवायचं आणि डाव्या हाताच्या बोटांतून धागा सोडायचा. चाक फिरवणं कोणालाही जमतं. खरं काम डाव्या बोटांचं. धागा सैल सुटला तर कांडी मऊ भरते आणि धोटा पळताना धाग्याची वेटोळी एकदम निसटतात. फार आवळला तर रेशीम तुटतं. मध्ये फुगवटा आला तर कांडी धोट्यात घासते. मुलगी सांगत होती की तिच्या पहिल्या कांड्या काकू हातात घेऊन नुसत्या दाबायच्या आणि परत द्यायच्या. "काही बोलायच्या नाहीत. दाबायच्या आणि ठेवून द्यायच्या माझ्यापुढे. मग मी उलगडून परत भरायची."

या कामात तिला जे शिकायला मिळालं ते पुढे मागावर जसंच्या तसं कामाला आलं. विणकामात जे काही बिघडतं त्यातलं बहुतेक ताणामुळे बिघडतं, आणि ताण डोळ्यांना दिसत नाही. तो बोटांना कळावा लागतो. कांडी ही ताणाची पहिली शाळा आहे. तिथे चूक झाली तर मूठभर रेशमावर भागतं, मागावर झाली तर साडी जाते.

एकेक धागा पिळून

उभा धागा तो ताणा, आडवा तो बाणा. बघणाऱ्याचं लक्ष बाण्याकडे असतं, कारण हलतो तो बाणा. ताणा नुसता पसरलेला असतो. पण कापड चांगलं होणार की नाही हे ताणा मागावर चढतानाच बऱ्याच अंशी ठरलेलं असतं. हजारो धागे एकाच लांबीचे, एकाच ताणाचे आणि आपापल्या क्रमानं यायला हवेत. एक जरी सैल राहिला तर तो शेवटच्या वारापर्यंत सैलच राहतो आणि कापडावर लोंबतो.

ताण्याचा प्रत्येक धागा आधी वहीतून आणि मग फणीतून जातो. वही म्हणजे धाग्यांना वर-खाली करणारे फासे. धाग्यांचे दोन गट पाडायचे, एक गट वर उचलला की मध्ये फट पडते, तिच्यातून बाणा न्यायचा. फणी धाग्यांचं अंतर राखते आणि घातलेला बाणा ठोकून जागेवर बसवते. हजारो धागे असे एकेक करून ओवायचे म्हणजे किती काम, हे नवशिक्याच्या लक्षात यायला वेळ लागत नाही. म्हणून जुना ताणा संपत आला की विणकर तो पुरता काढून टाकत नाही. शेवटचे हातभर धागे वहीत आणि फणीत तसेच ओवलेले ठेवतो. नव्या ताण्याचा पहिला धागा जुन्या पहिल्या धाग्याला, दुसरा दुसऱ्याला, असे सगळे बोटांनी पिळून जोडतात आणि मग जोड हळूच ओढून फणीपलीकडे आणतात. ही सांधणी.

सांधणी करणारा माणूस मागाच्या मागे मांडी घालून बसला होता. शेजारी राखेची वाटी. चिमूटभर राख बोटांना, दोन टोकं एकत्र, एक पीळ, वरून उलट मोड, झालं. गाठ मारत नाहीत, कारण गाठ फणीत अडकते. मी त्याच्या बोटांकडे बराच वेळ बघत होते, तरी पीळ नेमका कधी बसतो ते मला पकडता आलं नाही. हे काम विणकर स्वतः क्वचितच करतो. सांधणीवाल्याला बोलावतात. शिकाऊ मुलीला मात्र काकांनी तुकडाभर सांधणी करायला लावली होती, कारण धागा तुटला की तो जोडायला सांधणीवाला येणार नाही.

पाय आधी, हात नंतर

खड्ड्याच्या मागावर बसणं म्हणजे जमिनीच्या पातळीवर बसून पाय खड्ड्यात सोडणं. खाली पावड्या असतात, त्या वहीला बांधलेल्या. डावी पावडी दाबली की एक गट वर, उजवी दाबली की दुसरा. उजव्या हाताशी दोरी, तिला झटका म्हणतात. दोरी ओढली की धोटा फटीतून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पळतो. डावा हात फणीवर. म्हणजे पाय, झटका, फणी. पाय, झटका, फणी.

ऐकायला हे सोपं आहे. नवशिक्याची अडचण अशी की त्याचे डोळे धोट्यावर असतात, म्हणून हात पुढे पळतो आणि पाय मागे राहतो. फट पुरती उघडायच्या आत धोटा सुटला की तो धाग्यांत शिरतो आणि एका दणक्यात पंचवीस-तीस धागे तोडतो. मुलीचं हे पहिल्याच आठवड्यात झालं होतं. काकांनी त्यावर काय केलं? धोटा काढून घेतला. तिला रिकाम्या मागावर नुसत्या पावड्या दाबायला लावल्या, तेही माझ्याशी बोल, घरचं सांग, असं म्हणत, पाय आपोआप चालेपर्यंत. मला ही शिकवण्याची रीत फार आवडली. पायाकडे लक्ष दे असं सांगण्यापेक्षा लक्ष दुसरीकडे नेलं.

मी बसले असताना काका स्वतःच्या मागावर विणत होते, पाठ मुलीकडे. मध्येच मान न वळवता म्हणाले, "फणी जड पडतीय गं." तिनं मला ती जागा दाखवली. कापड उजेडाकडे धरलं तर बोटभर रुंदीचा एक गडद पट्टा दिसत होता. तिथे बाणा जास्त दाबून बसला होता. ठोका हलका पडला की विरळ पट्टा, जड पडला की दाट. काका तो कानानं ओळखतात.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. जेवायला उठून परत मागावर बसलं की नेमक्या त्या ठिकाणी कापडावर आडवी रेघ उमटते. माग थांबलेला असताना कापड आणि ताणा किंचित सैलावतात, आणि परत ताण दिल्यावर पहिले काही बाणे वेगळे बसतात. जुना विणकर उठताना ताण उतरवतो आणि बसल्यावर आधी बोटांनी ताणा चाचपतो, पहिले ठोके हलके देतो. नवशिक्याच्या साडीत त्याच्या जेवणाच्या सगळ्या सुट्ट्या मोजता येतात.

सगळ्यात अवघड म्हणजे काठ सरळ ठेवणं. बाणा घालताना तो जरा जास्त ओढला गेला की कापड कडेनं आत येतं. दहा-वीस बाण्यांत काही कळत नाही, वीतभर विणून झालं की कापडाला कंबर आलेली दिसते. कडेचे धागे मग फणीच्या दातांना तिरके घासतात आणि तुटू लागतात. हे टाळायला विणलेल्या भागावर टोकांना टाचण्या असलेली एक काठी आडवी बसवतात, ती रुंदी ताणून धरते आणि काही बोटं विणलं की पुढे सरकवायची असते. मुलगी ती सरकवायला विसरते. का, ते मला तिच्याशेजारी बसल्यावर समजलं. लय लागलेली असताना थांबावंसं वाटत नाही.

पालनपूरचा कारागीर

शिकण्याच्या या सगळ्या खटाटोपात मला गांधीजींच्या आत्मकथेतला एक प्रसंग सारखा आठवत होता. 1909 साली 'हिंद स्वराज' लिहिलं तेव्हा त्यांनी चरखा किंवा माग पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. 1915 नंतर अहमदाबादच्या आश्रमात माग आणले, आणि पंचाईत झाली. आश्रमात सगळे वकिली-व्यापारासारख्या पेशांतले, कारागीर एकही नाही. शेवटी पालनपूरहून एक विणकर शिकवायला मिळाला, पण त्यानं आपली सगळी विद्या काही दिली नाही. आश्रमातल्या मगनलाल गांधींना यंत्रांची उपजत समज होती. त्यांनी उरलेलं स्वतः धडपडून आत्मसात केलं आणि मग आश्रमात एकामागून एक विणकर तयार झाले. वर्ध्याचं 1938 सालचं मगन संग्रहालय त्यांच्याच नावाचं.

हा प्रसंग सांगताना त्या विणकराला हातचं राखणारा म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. ज्याच्या पोटाचं साधन एवढी एकच गोष्ट आहे त्यानं ती सुशिक्षित माणसांच्या हाती सगळीच्या सगळी का द्यावी? त्याला बदल्यात काय मिळणार होतं? येवल्यात जुन्या विणकर घरांमध्येही बाहेरच्यांना शिकवायचं की नाही यावर दोन मतं ऐकायला मिळतात. काका शिकवतात, कारण त्यांची स्वतःची मुलं मागावर बसायला तयार नाहीत.

शिवाय जे शिकवलं जात नाही त्यातलं बरंचसं लपवलेलं नसतंच. ते शिकवण्यासारखं काही आहे हेच कोणाच्या ध्यानात नसतं. काकांना विचारलं की विणकाम कोणी शिकवलं, तर ते वडिलांचं नाव घेतात. लडी, असारी, कांडी, चरखा हे मात्र आईनं शिकवलेलं, ते त्यांनी विचारल्यावर सांगितलं. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशात 35 लाखांवर हातमाग कामगार नोंदले गेले आणि त्यांतल्या 70 टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. तरी 'विणकर' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मागावर बसलेला पुरुष येतो. काकूंच्या हातच्या कांड्यांशिवाय त्या खोलीतला एकही माग तासभरसुद्धा चालला नसता. त्यांच्या कामाची मजुरी वेगळी धरलेली मी तरी पाहिली नाही.

घरात चौकट

पुण्या-मुंबईत अलीकडे विणकामाची हौस वाढली आहे. ज्यांना येवल्याला जाऊन बसता येणार नाही, त्यांनी चौकटीवर सुरुवात करावी. लाकडाची मजबूत चौकट, वर-खाली सारख्या अंतरावर खिळे, त्यांवरून उभा ताणा. एवढ्यावर माणूस बरंच शिकतो.

ताण्याला स्वेटरची लोकर घेऊ नये. ती ताणली जाते, आणि काम उतरवल्यावर आकसते. पिळदार सुती दोरा घ्यावा. बाण्याला लोकर चालते, जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्याही चालतात. गोधडीसाठी राखून ठेवलेल्या चिंध्या घरात असतील तर त्या उत्तम. धागे किती जवळ ठेवायचे याची एक साधी युक्ती आहे. धागा पट्टीवर शेजारी-शेजारी गुंडाळायचा, इंचात किती फेर बसले ते मोजायचे आणि त्याच्या निम्मे धागे इंचात घ्यायचे. सोळा फेर बसले तर आठ. ताणा आणि बाणा सारख्याच जाडीचे असले तर साधी वीण यात नीट बसते. ताण्याची लांबी कापडाहून चांगली जास्त धरावी. धागे वर-खाली होताना लांबी खातात, आणि शेवटच्या काही इंचांत हात घालायला जागाच उरत नाही.

बाणा घालताना तो सरळ रेषेत ओढायचा नाही. डोंगर चढून उतरावा तसा मध्ये उंच ठेवायचा आणि मग खाली दाबायचा, म्हणजे त्याला वर-खाली वळायला पुरेसा धागा मिळतो आणि कडा आत येत नाहीत. येवल्यात टाचण्यांची काठी करते ते काम इथे हा चढ करतो.

मुंबईच्या विणकर सेवा केंद्राची आठवणही इथे काढली पाहिजे. पन्नासच्या दशकात सुरू झालेल्या अशा केंद्रांनी चित्रकारांना मागापाशी आणलं. 'कोरा कॅनव्हास' लिहिणारे प्रभाकर बरवे वाराणसीच्या आणि मग मुंबईच्या केंद्रात कितीतरी वर्षं काम करत होते. कागदावरची रेघ धाग्यात उतरवताना तिला पायऱ्या पडतात, तिरकी रेघ मागावर तिरकी राहत नाही, हे चित्रकाराला तिथे हातानं कळत असणार. चौकटीवर पहिलं फूल विणणाऱ्या कोणालाही ते पहिल्याच संध्याकाळी कळतं.

चौकटीवर दोन रंग शेजारी विणून बघा. प्रत्येक रंग आपल्या हद्दीपर्यंत जाऊन परत फिरला तर दोघांच्या मध्ये उभी चीर राहते. ती नको असेल तर परत फिरताना दोन्ही धागे एकमेकांत अडकवायचे. पैठणीच्या पदराचं सगळं तंत्र या अडकवण्यावर उभं आहे.

पदर

पदराला झटका कामाचा नाही. 1733 साली इंग्लंडात जॉन के यानं पळता धोटा काढला, त्यामुळे एका माणसाला रुंद कापड झपाझप विणता येऊ लागलं, पण पदरात बाणा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूपर्यंत जातच नाही. जरीच्या भुईवर मोराची मान हिरवी, पिसारा निळा, चोच लाल. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी, ती आपल्यापुरते धागे उचलून जाते, शेजारच्या रंगात अडकते आणि परत फिरते. नक्षी आलेखाच्या कागदावर समोर असते. कारागीर ताण्याचे धागे बोटांनी मोजत जातो. काम बारीक असेल तर दिवसाकाठी इंचभरही पदर पुढे जात नाही. असा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, मागे लोंबणारे धागे नसतात. हातची पैठणी ओळखायची ती अशी, उलटी करून.

मुलीनं अजून पदराला हात लावलेला नाही. काकांनी तिला काठाजवळ एक लहानशी कोयरी करायला दिली होती. दोन रंग, बस्स. ती मोजायची, उचलायची, अडकवायची, आणि मग मागे जाऊन परत मोजायची. एका ठिकाणी तिनं एक धागा जास्त उचलला होता. चार ओळी पुढे गेल्यावर कोयरीचं टोक वाकडं दिसलं, तेव्हा तिनं न विचारता चारही ओळी उसवल्या. उसवायला विणण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

हा उसवण्याचा, पावड्या दाबण्याचा, कांड्या परत भरण्याचा वेळ कोणाच्या हिशेबात आहे? व्यापारी रेशीम आणि जर देतो आणि साडी झाली की मजुरी देतो. साडीच होत नाही तोवर मजुरी नाही. काका तिला आपल्या खिशातून थोडे पैसे देतात, बाकी घरचा कांदा. मी गेले होते त्या हंगामात कांद्याला भाव नसता तर तिला शिकणं सोडून मजुरीला जावं लागलं असतं. हातमाग टिकावा म्हणून आपण प्रदर्शनं भरवतो, 7 ऑगस्टला हातमाग दिन साजरा करतो, ते सगळं करावंच. पण शिकणाऱ्याचे हे महिने कोणीतरी नियमानं पोसले नाहीत तर मागावर फक्त तेच बसतील ज्यांना दुसरं काही मिळालं नाही, आणि तेसुद्धा मिळेपर्यंतच.

मुलीचा बेत पक्का आहे. साधा काठ स्वच्छ येऊ लागला की घरी माग टाकायचा. तिचे वडील त्यासाठीच आले होते. खड्डा पुढच्या खोलीत काढायचा की पडवीत, यावर काकांचं आणि त्यांचं बोलणं चाललं होतं. पडवीत पावसाची ओल येते आणि दमट हवेत ताण बदलत राहतो, म्हणून काका पुढच्या खोलीवर अडून होते. पुढच्या खोलीत आजीची खाट आहे. वडिलांनी खिशातून दोरी काढली, काकांच्या मागाची लांबी मोजली, दोरीला गाठ मारली, मग रुंदी मोजून दुसरी गाठ मारली.

"खाट मधल्या खोलीत जाईल," मुलगी म्हणाली. "आजीला मी विचारलंय. ती म्हणाली, कांड्या मी भरीन."